बायोडाट्यातली शेवटची ओळ

३ फेब्रुवारी १९९४, गुरुवार

बायोडाटा नापास! कॅम्प दोनला कापडाच्या दुकानावर गुरुदत्त सरांचा टायपिंग क्लास आहे, निम्मं उल्हासनगर तिथे अर्ज टाइप करून घेतं. माझी तीन पानं त्यांनी चिमटीत धरली. "अंजनी, ही काय कहाणी लिहिलीस? एक पान. बास. साहेबाकडे टाइम नसतो." उंची, वजन, वर्ण — सगळ्यावर काट. "लग्न जमवतेस का?" अख्खा क्लास हसला. माझे कान तापले.

"छंद — टीव्ही पाहणे" हेही गेलं. मग राहिलं काय? बी.कॉम. सेकंड क्लास आणि टायपिंग. मी घाबरत म्हटलं, वर्षभर एका भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहिलेत, पण दुकानातलं काय सांगायचं. सर ओरडलेच — "अगं, तेच सगळ्यात वर घाल!"

शेवटी दोन गोष्टी पाहिजेतच म्हणाले. फोन नंबर. आणि परगावी काम करण्याची तयारी. "घाबरतेस काय? लिही — आहे."

लिहिलं.

४ फेब्रुवारी

आमच्याकडे कुठला फोन! आईच शेजारच्या मोतीबाईंना विचारून आली. "दे गो नंबर, हाक मारीन," म्हणाल्या म्हणे. आई खूश. मग मला म्हणाली, वाच बघू काय लिहिलंयस. इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठी करून सांगितलं. शेवटच्या ओळीला तिनं विचारलं, "परगावी म्हणजे कुठे?"

म्हटलं, कुठेही.

तिनं तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं आणि निवडत बसली. 

८ फेब्रुवारी

पाठवले सगळे अर्ज. इथे एमआयडीसीत, बदलापूरला, आणि एक नाशिकला. नाशिकची कंपनी राहायची सोयसुद्धा करते. खरं सांगायचं तर मला तीच हवी आहे. घरात बोलले नाही, इथेच लिहिते.

१५ फेब्रुवारी

भिंतीपलीकडे फोन वाजला. माझी पोळी करपली. मोतीबाईंच्या सुनेच्या माहेरचा होता.

१८ फेब्रुवारी

पुन्हा वाजला. मोतीबाई "राँग नंबर" म्हणाल्या आणि ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी, सोमवार

व्हायला नको होतं तेच झालं. वाचनालयातून येते तर आई आणि मोतीबाईंचं कडाक्याचं भांडण होऊन दोन्ही दारं बंद! कशावरून? "तिनं आपली गोधडी दोरीवरून काढून टाकली," आई म्हणाली. एका गोधडीवरून? मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासूनचा शेजार! आणि माझ्या नंबरचं काय?

म्हटलं, तू माफी माग, नाहीतर मी मागते. "तिच्या दारात पाय ठेवलास तर याद राख." आवाज कापत होता तिचा. बाबा गेल्यापासून असंच आहे. आधी रागावते, मग स्वतःच घाबरते. दिवेलागणीला कडी लावते आणि परत जाऊन बघते, लागली का. मला कळतं ते. पण मी किती दिवस कडी होऊन राहायचं?

२६ फेब्रुवारी

पलीकडे फोन वाजला. आज चक्क भिंतीला कान लावला. लाज वाटते लिहायला.

मोतीबाई मुद्दाम राँग नंबर म्हणत असणार. गॅलरीत दिसल्या की माझ्याकडे बघतात, काहीतरी बोलू बघतात, तेवढ्यात आई आतून हाक मारते. सरांना म्हटलं, नंबर बदलता येईल का? "पाठवलेल्या अर्जात कसा बदलणार?" बरोबरच आहे. पण अशी मूर्खासारखी का विचारत सुटले आहे मी?

२ मार्च

काही नाही. अन्न गोड लागत नाही.

५ मार्च, शनिवार

नळावर मोतीबाईंना गाठलंच. सगळ्या बायकांदेखत म्हणाले, "भांडण आईशी आहे ना तुमचं? मग माझ्या पोटावर का पाय देता? राँग नंबर काय म्हणता?"

मोतीबाईंनी कळशी खाली ठेवली. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चिडल्या नाहीत. "तुझ्या आयशीला विचार गो. आजच विचार, उशीर नको करूस," एवढंच म्हणाल्या.

दिवसभर विचारलं नाही. आई माझ्याकडे बघायचं टाळते आहे.

६ मार्च, रविवार

विचारलं.

"मीच सांगितलं होतं तिला," आई म्हणाली. "बाहेरगावचा फोन आला तर राँग नंबर म्हण. एकदा म्हणाली. मग म्हणते, पोरीचं नुकसान मी करणार नाही. म्हणून भांडले." गोधडी नव्हतीच. "गुरुवारी नाशिकचा परत आला. उद्या अकराला मुलाखतीला बोलावलंय. ती दाराबाहेरून ओरडून सांगून गेली, मी तुला बोलले नाही." आणि मग — "ती ओळ लिहिताना मला विचारायचं होतंस."

खूप राग आला. अजून आहे. तिला नुसतं म्हटलं, मी जाणार.

आता ती घड्याळाला चाराचा गजर लावते आहे. वाजतो का, ते दोनदा वाजवून बघितलं तिनं.