आम्ही म्हणजे किती जण?

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, डबा वेळेवर खाते, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? दादा येऊन न्हाणीघराची कडी बसवून गेला का?

माझं काम काय, असं तू नेहमी विचारतेस. इथे एक कॉम्प्युटर म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करतो आणि कुणाच्या घरी नर्स पाठवायची ते ठरवतो. त्यात कुणावर अन्याय होत नाही ना, हे मी तपासते.

गेल्या महिन्यात एका आजींचं नाव त्याने नर्सच्या यादीतून काढलं. त्या घरात पडल्या. दोन दिवस कुणाला कळलंच नाही. गेल्या बिचाऱ्या.

मी त्यांचे फोन पुन्हा ऐकले. "जेवलात का?" "हो, आम्ही जेवलो." यजमान जाऊन चार वर्षं झाली, तरी तोंडातलं ‘आम्ही’ सुटलं नव्हतं. कॉम्प्युटरने घरात दोघं आहेत असं धरलं.

आई, हेच फोन मी आधी तपासून ‘ठीक’ म्हणून सही केली होती. मला काही खटकलंच नाही. बाबा गेल्यावरही तू असंच बोलतेस ना!

साहेब म्हणाले, "चूक सिस्टिमची आहे." पण सिस्टिमचे कान तपासायलाच तर मला ठेवलंय.

रविवारी फोन करेन. जेवलीस का विचारलं, की एकदा ‘मी जेवले’ म्हणून बघ. नाहीच जमलं तर राहू दे. मी रजा टाकून येते, मग खुशाल ‘आम्ही’ म्हण.

तुझीच,
धाकटी