कमरेपर्यंतची माणसं

चि. थोरल्यास आशीर्वाद.

गेल्या खेपेला इथे माझ्याकडे राहणारी तुझी पोर तुझ्याजवळ आली नाही म्हणून फुगलास. पुन्हा येणार नाही, म्हणालास.

आज तिच्यासोबत टीव्हीवर सिनेमा पाहिला. आभाळातून उतरलेला बुटका प्राणी आणि एक मुलगी. त्यात मोठी माणसं नुसती कमरेपर्यंत! पट्टे, किल्ल्या, बूट. मला वाटलं, टीव्ही बिघडला, डोकी कापतोय. उठून दोन थपडा हाणल्या.

पिटुकली खिदळली. "अगं आजी, बिघडला नाहीये. मोठी माणसं अशीच असतात."

"तुझा बाबासुद्धा?"

"बाबांचा पट्टा तपकिरी आहे."

गुडघ्यांना शिव्या देत मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. काय सांगू! टेबलाचं छप्पर झालं, छत पार आभाळाला टेकलं. जन्मभर ही खोली झाडली, पण पाहिली आज. तेवढ्यात तुझा धाकटा भाऊ आत आला, तर नुसता डोंगर! मी, त्याची आई, दचकले.

हे पत्र टाकणार नाही. म्हातारी सिनेमा बघून चळली, म्हणशील. फोनवर नुसतं "ये" म्हणेन. आलास की दारातच कान धरून खाली बसवीन. पोरीला एकदा तुझं तोंड दिसू दे.

अजून जमिनीवरच बसलेली,
तुझी आई