आईंचा लोणंदचा मुक्काम

सांगली,
गुरुवार, ता. ४ जानेवारी १९४५

तीर्थस्वरूप दिगंबरपंत यांसी,

चिंतामणचा सादर नमस्कार. बाळ-बाळंतीण दोघी ठीक आहेत. तुमचं कार्ड मिळालं. पहिली मुलगी झाली म्हणून मन लहान करू नये, असा त्यात मला धीर दिला आहे. अहो, मन लहान करायला सवड कुठली? तुमची भाची दिवसभर झोपते आणि दिवेलागण झाली की गळा काढते. रंग तुमच्या घरचा आहे, आवाज मात्र माझ्या आत्याचा. हे मी आपखुशीनं कबूल करतो.

नेहमी कार्ड टाकणारा मी, आज बंद पाकीट कसं, असं तुमच्या मनात आलं असेल. सांगतो. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे तुम्ही जाणता. विश्रामबागला कॉलेजच्या कचेरीत दिवसभर साहेबांची दोन-दोन ओळींची उत्तरं लिहायची, त्याचा सूड मी घरच्या पत्रांवर उगवतो.

घाटाजवळचं आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड तुम्ही पाहिलंच आहे. तिथं तुमची बहीण तीन वर्षं राज्य करते आहे. रेशनकार्डावर मिळणारी साखर ती डब्यात कुलपाखाली ठेवते. आठवडाभर गुळाचा चहा आणि रविवारी साखरेचा. त्याला आमच्यात 'साहेबी चहा' म्हणतात. कचेरीतून येताना मी कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजवतो. तीनदा वाजली की नुसता मी आलो, दोनदा वाजली की बरोबर काही खायचं आहे. दोनदा ऐकली की ती ताटली घेऊन दारात उभी. एकदा मी गंमत म्हणून रिकाम्या हातानं दोनदा वाजवली, तर तिनं ती ताटली माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. असा आमचा संसार. हसण्यासारखा आहे, पण आम्हांला पुरत होता.

तुमचं ते कार्तिकातलं कार्ड कचेरीच्या पत्त्यावर आलं, त्या दिवशी मी घंटी वाजवली नाही. 'तात्या काल पहाटे गेले. प्रमोदिनीस कळू देऊ नये.' तुम्ही लिहिलंत ते योग्यच होतं. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं जे झालं ते तुम्हीही पाहिलंत, आणि या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की कसलाही धक्का बसता कामा नये. मी कार्ड फाडलं, तसाच घाटावर गेलो आणि रीतीप्रमाणे कपड्यांसकट बुडी मारली. पण ओल्या कपड्यांनी घरी जाऊन सांगायचं काय, याचा विचारच केला नव्हता. दारात पाणी गळत उभा राहिलो आणि म्हणालो, घाटावर पाय घसरला.

दिगंबरपंत, ती इतकी हसली की उंबऱ्यावर बसली. दूध घालायला येणाऱ्या राहीबाईला तिनं लगेच बोलावून दाखवलं. राहीबाई म्हणाली, "आवं, पान्यात पडायला काय म्हस हाय का तुमी?" मग दोघी हसल्या, आणि मीही हसलो. तात्यांच्या नावाचं पाणी अंगावरून गळत होतं आणि मी दात काढून हसत होतो. सासऱ्याचं तीन दिवसांचं सुतक मी घाटावर हात मुरगळल्याचं सोंग करून पाळलं. देवांची पूजा तिच्यावर ढकलली. तिनं पोट सावरत बसून रोज ती केली, आणि रोज तात्यांच्या नावानं एक फूल जास्त वाहिलं, कारण त्यांचे डोळे बिघडले आहेत असं तुम्ही दुसऱ्या कार्डात तिला कळवलं होतं.

त्या एका थापेच्या पोटी किती थापा जन्माला आल्या! पहिलं बाळंतपण माहेरी. तिची ट्रंक भरून तयार होती. मी सांगितलं, वाईला देवीची साथ आहे. तिनं मुकाट्यानं ट्रंक रिकामी केली. मग म्हणाली, आईच इकडे येऊ दे. तेव्हा तुम्ही आईंचा पाय मुरगळवलात. तात्यांच्या डोळ्यांत औषध, त्यामुळे त्यांचं शनिवारचं पत्र बंद. यावर तिनं काय करावं? माझा एकुलता एक स्वेटर उसवून तात्यांना कानटोपी विणायला घेतली. लोकर मिळत नाही ना हल्ली. मी दोन्ही हात पुढे करून तिच्यासमोर बसायचो आणि ती लोकर गुंडाळायची. माप माझ्या डोक्याचं घेतलं आणि चार टाके वाढवले. म्हणाली, "तात्यांचं डोकं मोठं. त्यात अक्कल आहे ना!" ते पार्सल तुम्ही सोडवून घेतलंत, परत पाठवलं नाहीत, हे तुमचे उपकार.

आणि ते पाणी. कृष्णेचं पाणी घरात आलं की तिचं ठरलेलं वाक्य असतं, "माझ्या माहेरचं पाणी आलं." अस्थी वाईच्या घाटावरच सोडल्याचं तुम्ही मला कळवलंत. दोन दिवसांनी तिनं घागरीतली ओंजळ घेऊन डोळ्यांना लावली आणि विचारलं, "तात्यांनी याच पाण्यात संध्या केली असेल, नाही का हो?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

आईंना पाठवा असं मी मार्गशीर्षात तुम्हांला विचारलं होतं. वर्षाच्या आत त्या कुठं जाणार, आणि आल्याच तर कपाळ पाहून प्रमोदिनीला कळायचं राहील का, असं तुम्ही उलट विचारलंत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तिच्या पायांवर सूज येऊ लागली होती, जेवण तुटलं होतं. राहीबाई मलाच दटावायची, "पयलं बाळातपन हाय. आय न्हाई, सासू न्हाई, तुमी काय करनार हाय? पोरीच्या आयेला आना की!"

एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर ती भिंतीला टेकून बसली होती. हसणं नाही, टोमणा नाही. म्हणाली, "मला बोलवत नाहीत, आपण येत नाहीत. गेल्या वर्षी मी मूल घालवलं, म्हणून आई माझ्यावर रागावली आहे ना? खरं सांगा."

त्या दिवशी मी विनोदिनीला पत्र लिहिलं. ते तिच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलं, म्हणजे तुमच्या हाती पडू नये. तुम्हां भावंडांत धाकटी असली तरी पोर शहाणी आहे. तिला रागावू नका, दोष माझा आहे. प्रमोदिनी काय बोलली तेवढंच मी लिहिलं आणि ते आईंना वाचून दाखव म्हटलं. या, असंसुद्धा लिहिलं नव्हतं. पण न लिहिता तेच लिहिलं होतं, हे आता मान्य करतो.

आता मुद्दा. आई पंधरा दिवस लोणंदला मामांकडे राहून आल्या, असं तुम्ही समजता. तुम्हीच त्यांना मोटारीत बसवून दिलंत, नवऱ्यामागे बाईनं चार दिवस भावाकडे राहून यावं या रीतीनं. आई लोणंदला एक रात्र होत्या. बाकीचे सगळे दिवस त्या सांगलीत माझ्या स्वयंपाकघरात होत्या.

टांगा दाराशी थांबला. आधी मामा उतरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग हिरव्या बांगड्यांचा हात दिसला आणि आई उतरल्या. गळ्यात मामींचं मंगळसूत्र. कपाळावर कुंकू, तात्या असताना लावत तेवढंच मोठं. प्रमोदिनी आतून भिंत धरत धरत आली आणि ओरडली, "आई! पाय बरा झाला?" आई तो पाय विसरूनच गेल्या होत्या. घाईनं लंगडायला लागल्या, ते नेमक्या डाव्या पायानं. तुम्ही पत्रात उजवा लिहिला होता. प्रमोदिनी खो खो हसत म्हणाली, "अगं, कुठला पाय?" आई म्हणाल्या, "प्रवासात दोन्ही दुखतात गं बाई." आणि तिला पोटाशी धरलं. किती दिवसांनी ती हसली होती!

तुम्ही आत्ता हे पत्र खाली ठेवलं असेल. उचला, एवढं वाचा.

आई रोज पहाटे अंघोळ झाली की भिंतीकडे तोंड करून कुंकू लावत. आरशाशिवाय. एकदा मी चूल पेटवायला म्हणून आत गेलो आणि पाहिलं. बोट कपाळाशी नेऊन त्या कितीतरी वेळ तशाच बसल्या होत्या. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो. प्रमोदिनी त्यांची वेणी घाली, तीत अबोलीची फुलं माळी, आणि वर चिडवी, "तात्यांना करमत नसेल तुझ्याशिवाय. चहा कुणाच्या हातचा घेतात गं ते?" आई म्हणत, "विनूच्या." एवढं बोलून चुलीपाशी जात. एकच वेळ जेवत. नवस आहे म्हणत.

बाळंतपण अवघड झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई जवळ नसती तर पोरीनं धीर सोडला असता. अकरा तास ती आईंचा हात धरून होती, त्या हातावर बांगड्या फुटून ओरखडे उठले आहेत. तुम्हांला ते आता दिसतील. मुलगी रडली तशी राहीबाई आत धावली आणि आईंना म्हणाली, "सवाशिनीचा हात लागला, लेकरू सुखरूप आलं बगा!" आईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि पाठ फिरवली.

मी त्यांना एकदाच विचारलं, हे तुमच्यानं कसं झालं? त्या म्हणाल्या, "चिंतामणराव, पाप झालं की नाही, ते मला विचारू नका. हे असते तर म्हणाले असते, इतके दिवस काय करत होतीस?"

उद्या तात्यांचं षष्ठीचं मासिक श्राद्ध, म्हणून त्यांना काल निघावंच लागलं. प्रमोदिनीनं खूप हट्ट केला. बाळ आठ दिवसांचं नाही तर निघालीस, नातीपेक्षा नवरा जास्त झाला का, म्हणाली. मग आपणच हसली, म्हणाली, "जा बाई, तात्या वाट पाहत असतील." स्वतः बाळंतपणाच्या सुवेरात, म्हणून तिनं राहीबाईकडून आईंची ओटी भरवली. आईंनी पदर पुढे केला. नारळ घेतला, कुंकू लावून घेतलं. प्रमोदिनी खाटेवरून सांगत होती, "तात्यांना म्हणावं, नाक त्यांचं आहे. डोळे बरे झाले की स्वतः पाहायला या. आणि माझा नमस्कार पायांवर डोकं ठेवून सांग, नुसता तोंडी नको." आई हो म्हणाल्या.

मिरजेपर्यंत मी बरोबर गेलो. गाडीला वेळ होता. फलाटाच्या टोकाला नळ आहे, तिथं कुणी नव्हतं. आईंनी बांगड्या उतरवल्या. मामींचं मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं. फुलं काढून माझ्या हातात दिली. मग मला तांब्या भरून आणायला सांगितलं. म्हणाल्या, "त्या दिवशी बायकांनी पुसलं, तेव्हा मला शुद्ध नव्हती. आज शुद्ध आहे. तुम्ही पाणी घाला, मी डोळे मिटते."

दिगंबरपंत, पाणी मी घातलं. दोन तांब्ये लागले.

हे पत्र मिळेल तोवर आई घरी पोहोचल्या असतील. त्यांना काही विचारू नका, एवढीच तुमच्या पायांशी विनंती. शिव्या द्यायच्या तर इथं मला द्या. आणि सव्वा महिना झाला की या. तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते माझ्यानं होणार नाही. काल घरी परतलो तर पहिला प्रश्न, "आईला बसायला जागा मिळाली का?" मिळाली म्हटलं, खिडकीशी. तिचा जीव भांड्यात पडला.

आज सकाळी तिला उशाखाली आईंचा कुंकवाचा करंडा सापडला. "बघा, किती विसरभोळी! सवाष्णीनं करंडा विसरावा का? आजच्या आज पार्सलनं वाईला पाठवा," म्हणाली. वर आपल्या हातानं तो कापडात शिवून दिला. कचेरीत बसून हे लिहितो आहे तेव्हा तो माझ्या खिशात आहे. कापडावर तिनं शाईनं नाव आणि पत्ता घातला आहे, आणि नाव तात्यांचं आहे. मी काय करू, एवढं मात्र उलट टपाली कळवा.

तुमचा अपराधी,
चिंतामण