एक हात खिशात

अमरावती, रविवार, १२ नोव्हेंबर १९६१

आज आमच्या रेडिओ जोडणाऱ्यांच्या बैठकीत अचलपूरचा एक फुलमाळी पहिल्यांदाच आला होता. जुना सेट दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. "मास्तर, हा नुसता घूं घूं करून राह्यला. चालू ठेवून खोलून पाहू काय?"

"आधी पुस्तक वाचा, मग विचारा," मी म्हणालो. सगळे हसले.

तोही हसला. "वाचता येत असतं तं तुमच्यापाशी कायले आलो असतो?" आणि बस गाठायला निघून गेला.

चालू सेटमध्ये हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे विजेचा झटका छातीतून जात नाही. आमच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी बोलून दाखवत नाही. मला मात्र शिकवणाऱ्याने न विचारताच सांगितलं होतं.

ते दोन्ही हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत. घरी पोचताच उघडला असेल का त्याने सेट? त्याच्या सदऱ्याला खिसा तरी होता का? मी तर नावही विचारलं नाही.

उद्या पहिल्या बसने अचलपूर. रेडिओवाला माळी कुठे राहतो, असं घरोघर विचारत फिरेन. लोक हसतील. हसू देत. फक्त दार त्यानेच उघडावं.