पेडगावचा तिसरा दिवस

परभणी, १९ मे

प्रिय बिरूदादा,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस. म्हणून तुझा मित्र योगीराज याच्याकडून पुण्याचा पत्ता घेतला आणि हे पोस्टानं पाठवतेय. आधीच सांगते, मी लय वैतागले आहे; निम्मी कम्प्युटरवरच्या त्या कोड लिहायच्या एडिटरवर आणि निम्मी तुझ्यावर.

मेंढपाळ संस्थेतला जुना कम्प्युटर मार्चमध्ये कायमचा बंद पडला. तुझा लसीकरणाचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर होता म्हणून वाचला. कोणत्या गावात किती मेंढरं, लस टोचणारा तिथं किती दिवस थांबणार, ती सगळी यादी त्यातूनच निघते. पण नव्या मशीनवर पायथॉन या कोडच्या भाषेची नवी आवृत्ती, आणि तुझं लिखाण जुन्या आवृत्तीतलं. अध्यक्ष माणिकराव म्हणाले, "भावाचं हाय, तूच कर नीट." मी तिथं नुसत्या नोंदी भरते. कोड मला तू शिकवलास तेवढाच येतो.

फाइल उघडली तर एडिटरनं पानभर लाल रेघा ओढल्या. प्रत्येक 'प्रिंट' या छापायच्या आज्ञेखाली एक, का तर कंस नाही. दोनशे बारा ठिकाणी कंस घातले. मग म्हणे ओळींआधीच्या मोकळ्या जागेत टॅब आणि स्पेस मिसळलेत. ओळी डोळ्यांना सरळ दिसायच्या, आणि हा म्हणायचा वाकड्या आहेत. सगळे टॅब एकदम बदलायची सोय त्यातच होती, ती वापरली. जुनी आवृत्ती टॅबला आठ जागा धरायची, यानं चार धरल्या. एक ओळ घसरून भलत्याच, पुन्हापुन्हा फिरणाऱ्या लूपमध्ये गेली आणि सोनपेठचं नाव अकरा वेळा छापून आलं. तूही कमाल केलीस. कुठं टॅब, कुठं स्पेस, एकाच माणसानं लिहिलंय असं वाटत नाही. चार दिवस मी ओळींआधीच्या मोकळ्या जागा बोटानं मोजत बसले. शेवटी लाल रेघ एकही उरली नाही. यादी काढली आणि माणिकरावांना देऊन टाकली.

जिथं ओरडायला हवं होतं तिथं मात्र तो एडिटर गप्प बसला. दिवसाला शंभर मेंढरं, वर पन्नास उरली की एक दिवस वाढवायचा, अशी त्यातली रीत. पिंगळीत साडेतीनशे मेंढरं, चार दिवस आले, बरोबर. पेडगावात अडीचशे, तर दोनच आले. जुनी आवृत्ती अडीचचे तीन करायची. नवी नेमक्या अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम आकड्याकडं नेते. म्हणून साडेतीनचे चार झाले आणि अडीचचे दोन. कोडमधला शब्द दोन्हीकडं तोच, राउंड, म्हणजे आकडा पूर्ण करणं. लाल रेघ येईल कशाला?

टोचणारा महारुद्र दोन दिवस झाल्यावर यादीप्रमाणे पुढच्या गावाला निघून गेला. राहिली ती बानू आत्याची पन्नास. तिसऱ्या दिवशी ती सकाळपासून मेंढरं कोंडून वाट बघत बसलेली. दुपारी तिचा फोन आला, "सगळ्यायची टोचली, माझीच दिसली न्हाईत का तुमच्या मशीनला? बिरू होता तवा असं कदी झालं न्हाई." गेल्या वर्षी आंत्रविषारानं, ज्याची ही लस आहे त्याच रोगानं, तिची नऊ कोकरं एका आठवड्यात गेली. तुला कुठून माहीत असणार, तीन वर्षांत तू इकडं फिरकला नाहीस. तिला मी काय आवृत्ती बदलली म्हणून सांगू? महारुद्रच्या विनवण्या करून त्याला माघारी बोलावलं, लसीचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन त्याच्या मोटारसायकलवर पेडगाव गाठलं आणि आत्याची बोलणी खात एकेक मेंढरू धरलं. पन्नासच्या पन्नास झाली. चहा तिनं शेवटचं मेंढरू सोडल्यावरच विचारला.

परत येऊन तो राउंड दुरुस्त केला. कोडमध्ये त्या ओळीच्या वरच तुझी टीप होती, तारखेसकट: "पन्नासला दिवस वाढवणे. आबांनी सांगितलं. माझं चुकत होतं." तू घर सोडलंस त्याच्या आदल्या वर्षीची तारीख. तू निघालास तेव्हा पाहुण्यांसमोर आबा म्हणाले होते, याला मेंढरातलं काय कळतं, कुणाचं ऐकतो तरी का. मी ती टीप त्यांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली आणि मेंढरांकडं निघून गेले. जेवताना मान खाली घालून म्हणाले, "येनार हाय का गं त्यो? मी इचारलं म्हनून सांगू नको." प्रोग्राम आता चालतोय, त्यासाठी तुझी गरज नाही. आबांनी विचारलं हे मी तुला सांगितलेलं नाही. तू ये.

तुझीच,
रुपाली