तिसऱ्या रिंगच्या आत

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ८.१५
गीतांजलीने मोटरसायकल घेतली, म्हणून ही वही लिहावी लागते आहे. दुसरं कारण नाही. बोलून दाखवलं की घरात हसतात.
स्कूटर नव्हे, मोटरसायकल. तिचं वजन १८१ किलो. गीतांजलीचं ५२. मला विचारलं नाही. मुलगी २९ वर्षांची, रबाळ्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला. कंपनीची बस नेरूळला आमच्या सोसायटीच्या गेटवर येते. बसमध्ये काय वाईट आहे, विचारलं. म्हणाली, बस पावणेसातला येते. बाप या नात्याने सुधीरने तिला अडवायला हवं होतं. तो बाईकच्या सीटवर बसून बघत होता.
मी घाबरलेले नाही. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. पण डोळे मिटून बसायला मी सुधीर नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदनला डिसेंबरमध्ये एका गाडीने उडवलं. गाडीवाला इंडिकेटर न देता वळला, फोनवर होता. कुंदनच्या पायात रॉड आहे. लिफ्टमध्ये भेटला की मी त्याच्या पायाकडे बघत नाही.
निश्चय: ती पोचेपर्यंत शांत राहणे. ८.०५ ला निघाली. पोचायला पाऊण तास.

८.२५
फोन केला. उचलला नाही. आमच्या घरात ती चार वर्षांची असल्यापासून नियम आहे: फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा. मी ऑफिसात तीस मुलींना तेच शिकवलं.

८.३१
चौथ्यांदा केला तेव्हा उचलला. कडेला थांबली होती. म्हणाली, आई, मी बाईकवर आहे. मी म्हटलं, म्हणूनच केला.

७ जानेवारी, मंगळवार
ग्लोव्हज विसरून निघाली. लिफ्टपाशी होती, हाक मारता आली असती. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे माझ्या आईने शिकवलेलं. म्हणून पाच मिनिटं थांबून फोन केला.
ती पुन्हा बाईकवर होती.

९ जानेवारी, गुरुवार
हेल्मेट तपासलं. आयएसआय मार्क आहे. काळं मात्र आहे. काळं कोणाला दिसणार? ती आंघोळीला गेली तेव्हा हेल्मेटवर आणि बाईकवर लाल-पांढऱ्या चमकत्या टेपच्या चौदा पट्ट्या चिकटवल्या. म्हणाली, मी टेम्पोसारखी दिसते. मी म्हटलं, टेम्पोला लोक घाबरतात.

१३ जानेवारी, सोमवार
घरात बसून काळजी करण्यात अर्थ नाही. पुरावा हवा. १९८४ साली मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले, माणसाचं लक्ष कुठे आहे हे मला चेहऱ्यावरून कळतं. आजपासून सिग्नलजवळच्या बाकावर आठ ते नऊ. वेगळं रजिस्टर केलं. रकाने तीन: गाडी नंबर, वेळ, गुन्हा.
एका तासात एकेचाळीस. फोनवर बोलणारे सतरा. फोनमध्ये बघणारे बावीस. एक बाई आरशात टिकली लावत होती. एक गृहस्थ इडली खात होते, चटणीसकट.
यांच्यामधून माझी मुलगी रोज जाते.
दिवाळे गावची सगुणा बाकाशेजारी मासे घेऊन बसते. विचारलं तिने, काय लिहितेस. सांगितलं. हातातला कोयता बाजूला ठेवून म्हणाली, "बाय, गारीवाले मोबाइलान बगतान, तू वहीन बगतंस. मंग रस्त्यान कोन बगतंय?"
एक्स्चेंजमध्ये माझं एका वेळी बारा बोर्डांवर लक्ष असायचं. तिला समजावत बसले नाही. बोंबील घेतले.

१५ जानेवारी, बुधवार
निश्चय: दिवसातून एकच फोन. एकूण चार झाले. पहिला हिशोबात धरत नाही, त्यात आवाजच आला नाही. तिसरा सुधीरने करायला हवा होता, तो करत नाही म्हणून मी केला.
गीतांजली म्हणाली, गाडी चालवताना फोन खिशात थरथरला की माझं लक्ष जातं, आई. यापुढे सायलेंट ठेवणार.

१६ जानेवारी, गुरुवार. ८.४०
सायलेंट आहे.
जुईनगरच्या बाजूने ॲम्ब्युलन्स गेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत मी ओट्यापाशी उभी होते. दूध उतू गेलं. दूध मुद्दाम उतू जाऊ दिलं नाही, पण उतू जाताना दिसत होतं आणि हात हलेना.

८.५२
मेसेज आला. 'पोचले'. फरशी तिसऱ्यांदा पुसायला घेतली होती, ती पूर्ण केली.

२० जानेवारी, सोमवार
मार्ग सापडला. धोका मागून असतो. कुंदनला मागच्यानेच उडवलं. तेव्हा गीतांजलीच्या मागे सदैव एक लक्ष असलेला ड्रायव्हर हवा. असा ड्रायव्हर मला एकच माहीत आहे.
आमची सिल्व्हर गाडी खाली कव्हर घालून उभीच असते. लायसन्स १९९६ चं. एकही ॲक्सिडेंट नाही. पार्किंगच्या खांबाचा प्रकार वेगळा, तो खांब चुकीच्या जागी आहे. सुधीर म्हणतो, खांब बिल्डिंगच्या आधीपासून आहे.
गीतांजलीला सांगायचं नाही. स्वाभिमानी आहे. गॉगल आणि स्कार्फ बांधून जायचं. सुधीरला सांगितलं, योगाला जाते. योगाचा हॉल आपल्या बिल्डिंगखाली आहे, असं तो म्हणाला. 

२२ जानेवारी, बुधवार
पहिला दिवस. जुईनगरला ती गाड्यांच्या मधून पुढे गेली. मी पुढचं काळं हेल्मेट नजरेत धरून चालवत राहिले. घणसोलीपर्यंत व्यवस्थित संरक्षण दिलं. तिथे हेल्मेटवाला थांबला, उतरला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "मावशी, मी काही केलंय का?"
दाढी होती.
उद्यापासून आधी टेपच्या पट्ट्या बघायच्या.

२४ जानेवारी, शुक्रवार
यश. नेरूळ ते रबाळे, पूर्ण वेळ तिच्या मागे. दोन गाड्यांचं अंतर. मध्ये कोणी घुसू नये म्हणून कधी कधी एका गाडीचं.
जाता जाता रजिस्टरमध्ये आठ नंबर आले. पेन दोरीने स्टिअरिंगला बांधलं आहे, शोधण्यात लक्ष जात नाही. सिग्नलला असतानाच लिहिते. पावणे गावाजवळ सिग्नल सुटला तेव्हा एक नंबर अर्धा राहिला होता, तेवढा चालत्या गाडीत पूर्ण केला.
मागचे हॉर्न वाजवतात. बाईकवरचा एक मुलगा शेजारी येऊन म्हणाला, "काकी, समोर बघा ना." त्याचाही नंबर घेतला. गुन्हा: उद्धटपणा.

२८ जानेवारी, मंगळवार
तुर्भ्याला तिने एकदम ब्रेक मारला. मीही मारला. पर्स सीटवरून खाली गेली, त्यातलं सगळं पायाशी. माझ्या गाडीचा बंपर आणि तिची नंबरप्लेट यांच्यात रजिस्टर उभं राहील एवढी जागा उरली.
घरी येऊन चहा केला. कप बशीवर वाजत होता. नवीन बशी खोल नाही.

३० जानेवारी, गुरुवार
रात्रीच्या जेवणाला गीतांजली नीट जेवली नाही. भाकरी मोडून ठेवली. सुधीरने विचारल्यावर सांगितलं.
आठवडाभर एक सिल्व्हर गाडी तिच्या मागे असते. तुर्भ्यापासून पावण्यापर्यंत तर चिकटून. परवा जेमतेम वाचली. चालवणारा तोंड बांधून असतो, गॉगल लावतो, आणि सारखा खाली बघत असतो. नंबर घ्यायचा प्रयत्न केला, आरशात उलटा दिसतो, वर बाईक थरथरते. वळून बघायची भीती वाटते.
"मला खरंच भीती वाटते, आई," म्हणाली. बाईक घेतल्यापासून प्रथमच म्हणाली.
 इतके दिवस मी त्याच रस्त्यावर आहे आणि ही गाडी मला दिसली कशी नाही? सिल्व्हर गाड्या हजार असतात. मी दोन गाड्यांचं अंतर ठेवते, चिकटत नाही, तेव्हा ती मी असण्याचा प्रश्न नाही. सुधीर माझ्याकडे बघत होता. त्याला आमटी वाढली.
गीतांजलीला बजावलं: फोन सायलेंट ठेवायचा नाही. ती गाडी पुन्हा दिसली की लगेच बाईक डाव्या बाजूला थांबव आणि मला फोन कर. मी तिसऱ्या रिंगच्या आत उचलेन.
बऱ्याच दिवसांनी तिने माझं ऐकलं. मान हलवली.

३ फेब्रुवारी, सोमवार
तिने सुट्टी घेतली होती शुक्रवारी. आजही घरी. उद्या जाणार.
मी उद्याची तयारी केली. मागचा आरसा पुसला. उद्यापासून लक्ष पुढे कमी, मागे जास्त. तो सिल्व्हर गाडीवाला माझ्याही मागे असणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२.२०
हॉस्पिटलच्या बाकावर लिहिते आहे. ती एक्स-रेला गेली आहे.
पावण्याच्या सर्व्हिस रोडला दोन्ही बाजूंनी टेम्पो लागलेले. मी आरशात बघत होते. मागे एक पांढरी गाडी, एक रिक्षा. सिल्व्हर नाही. फोन वाजला. पर्समध्ये होता, पर्स खाली. दुसऱ्या रिंगला हाताला लागला. तिसरीला उचलला.
गीतांजली म्हणाली, "आई, ती गाडी परत मागे आहे. मी थांबलेय."
मी म्हटलं, "घाबरू नकोस. मी आहे."
मग समोर बघितलं.

४ फेब्रुवारी. संध्याकाळी ५
वेग फार नव्हता. हे मी पोलिसांना दोनदा सांगितलं.
ती बाईकवरच बसली होती, पाय टेकवून, मोबाइल हेल्मेटच्या आत सरकवलेला. बाईक डावीकडे पडली, तीही पडली. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. त्याचा आवाज मला फोनमधून आणि बाहेरून असा दोन्हीकडून आला.
हेल्मेटला डावीकडे कानापासून वरपर्यंत तडा आहे. डोक्याला काही नाही. उजवं मनगट हँडलमध्ये अडकून मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट काळं असो नाहीतर पांढरं, घातलं होतं ते बरं केलं.
हिरामण म्हणून एक टेम्पोवाला होता. त्याने आणि दोन माणसांनी तिला उचलून टेम्पोत ठेवलं. मला विचारलं, तुम्ही हिच्या कोण? मी म्हटलं, आई. त्याने माझ्या गाडीकडे बघितलं, बाईककडे बघितलं.  मला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि माझा बेल्ट त्यानेच लावला.
हॉस्पिटलमध्ये हवालदार आले. लक्ष कुठे होतं, विचारलं. मी म्हटलं, मागे. सिल्व्हर गाडी शोधत होते. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, तुमच्या गाडीचा रंग कोणता?
एवढी वर्षं फोनवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. याला वेळ लागला.
प्लास्टर घालून गीतांजलीला बाहेर आणलं. स्कार्फ माझ्या गळ्यात तसाच होता, गॉगल डोक्यावर. तिने आधी स्कार्फकडे, मग गॉगलकडे बघितलं. रागावली असती तर मला बोलता आलं असतं.
"तू सांगितलंस म्हणून मी थांबले," एवढंच म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सगुणा मासे घेऊन वर आली. लिफ्ट बंद होती, आणि तिचं पायऱ्या चढण्याचं वय नाही. पोरीसाठी निवट्यांचं कालवण कर म्हणाली. रस्त्यात कोण बघतंय, याबद्दल काही बोलली नाही. मी वाट बघत होते.
संध्याकाळी बाहेर कुठेतरी ब्रेक करकचले. गीतांजली आतल्या खोलीत झोपलेली होती, तरी मी जाऊन बघून आले. दोनदा.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.०५
कोणी कुठे निघालेलं नाही. तरी आठ वाजले की मी खिडकीशी जाऊन उभी राहते.
रजिस्टर पूर्ण केलं. शेवटची नोंद क्रमांक २१३. गाडी नंबर आपला. वेळ ८.३८. गुन्ह्याच्या रकान्यात जागा पुरली नाही, समासात लिहिलं: फोन उचलला. त्याआधी आरसा. त्याआधीचे सगळे दिवस वही. टेपच्या पट्ट्यांचा उपयोग झाला नाही, त्याही लिहिल्या.
पेनाची दोरी सोडवून आणली.
गीतांजलीशी बोलले. प्लास्टर निघालं की ती बाईक दुरुस्त करून पुन्हा चालवणार. मी विरोध केला नाही. करायला तोंड उघडलं होतं. तिने विचारलं, मी रस्त्यावर असताना फोन करशील? नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि खरं तर माझाही. म्हणून पुढची व्यवस्था लेखी केली.

गीतांजलीला दिले:
गाडीची किल्ली, एक.
जादा किल्ली, एक. देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमधून काढून.
रजिस्टर, २१३ नोंदींसह.
गॉगल. स्कार्फ धुऊन देणार.

सुधीरला दिले:
माझा मोबाइल, रोज सकाळी ८ ते ९. त्याने तो माझ्यासमोर बंद करायचा आणि ती पोचली की तोंडी सांगायचं. उशीर झाला तर बहाणे करायचे नाहीत. हसायचं नाही. तो हसला नाही.

लायसन्स पोलिसांकडे आहे.

मिळाल्याची सही गीतांजलीने याच पानावर डाव्या हाताने केली. वाचता येत नाही. वरचा मजकूर मी हाताने झाकला होता.

तिच्याकडून घेतले:
हेल्मेट, एक. तडा डावीकडे. गाडीच्या किल्लीच्या खुंटीवर टांगलं आहे.