आकारामनानांच्या उसातली तीन पिल्लं

कराडजवळ,
११ फेब्रुवारी १९९७

आदरणीय राजरत्नमामांस,

अक्षताचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? मी खुशाल आहे (दोन किलो उतरले, पण ते मेसमुळे, जनावरांमुळे नव्हे).

वन्यजीव संवर्धन आणि व्यवस्थापन शिकायला लागून दीड वर्ष झालं, पण वन्यजीवांची मी आजवर मुख्यतः विष्ठाच पाहिली. ती वाळवायची, चाळायची, केस तपासायचे. (आईला तुम्ही 'पोरगी संशोधन करते' एवढंच सांगितलंत, ते बरं केलंत.) म्हणून काल नमुने गोळा करायला गेले, त्या आकारामनानांच्या उसात तोड चालू असताना टोळीतल्या पारूबाईंनी लुगड्याच्या ओट्यातून तीन मांजराची पिल्लं आणून दाखवली, तेव्हा मला आनंदच झाला. ठिपके नीट पाहिल्यावर तो गेला. बिबट्याची होती. आई जवळच कुठेतरी असणार.

पुस्तकात उपाय सोपा आहे : पिल्लं होती तिथेच ठेवा, माणसं हलवा, आई येऊन नेते. (पुस्तकात आकारामनाना नाहीत.)

"म्याडम, म्हैनाभर हेलपाटं घालून आज तोड मिळालीया, ट्रक उभा हाय. आन् वाघरापायी फड सोडू व्हय?"

मी अधिवास, अन्नसाखळी सगळं शांतपणे समजावलं. त्यांनी विडी पेटवली, ती संपेपर्यंत विचार केला आणि कोयते थांबवले. ट्रक दुसऱ्याच्या फडात गेला. पारूबाईंनी पिल्लं परत सरीत ठेवली आणि विचारलं, "तिला माझा वास यील का गं?"

आम्ही लांब ट्रॉलीत बसलो. दिवस मावळताना मादी आली. एक नेलं. थोड्या वेळाने दुसरं. मग बराच वेळ कुणीच नाही, आणि तिसरं ओरडतच राहिलं. पारूबाईंनी माझा दंड असा आवळला, की तो अजून काळानिळा आहे. शेवटी ती आली. "नेलं रं नेलं," नाना पुटपुटले. मी वहीत 'सायं. ६.५०, तिसरे पिल्लू नेले' अशी शास्त्रीय नोंद केली. अक्षर मलाच लागत नाही.

मामींना जयभीम सांगा.

तुमची भाची,
अक्षता

ता. क. ठिपके ओळखले ते पारूबाईंच्या नवऱ्याने, लांबून, पळता पळता. मी तोवर एकाला बशीतून दूध पाजत होते.

ता. क. २. नाना अन्नसाखळीमुळे थांबले नाहीत. 'माझे मामा कारखान्यात असतात, तुमची तोडीची पाळी परत मिळेल,' असं मी म्हणाले. कारखाना साखरेचा की नटबोल्टचा, हे त्यांनी विचारलं नाही. रविवारी ते एम-एटी गाडीवरून कुपवाडला तुमच्याकडे येतायत. तोवर साखर कारखान्यातलं कुणीतरी खरोखरीचं ओळखीचं शोधून ठेवा. नाहीच सापडलं, तर ते आणतील तो काकवीचा डबा हातात घेण्याआधी त्यांना खरं सांगा. माझ्याच्यानं होईना.